हजेरीपटावरची बावन्न नावं



नाताळच्या आठवणींची पत्रं या पानावर येऊन गेली, जानेवारीही अर्धा उलटला. माझं पत्र उशिराचं आहे. पण ते नाताळचं नाही, नाताळनंतरच्या शनिवार-रविवारचं आहे, आणि बेळगावच्या वाचकांकडं माझं एक कामही आहे. ते शेवटी सांगते.

मी मूळची बेळगावच्या कॅम्पातली. वडील एम.ई.एस.मध्ये सुतार होते. १९८५ च्या मार्चमध्ये मी एसएसएलसी झाले, मग पीयूसी, मग मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग, तिथून पुण्याला नोकरी. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभ्या केलेल्या त्या हॉस्पिटलात आमच्या मंडळीतल्या कितीतरी मुली शिकल्या. माझ्या आईला वाटायचं, मुलगी मिरजेला गेली की संसाराला लागल्यासारखीच. लग्नानंतर मी पुण्याचीच झाले. बेळगावला येणं म्हणजे नाताळला भावाकडं चार दिवस. करंज्या-शंकरपाळ्या, पंचविसाची उपासना, आईवडलांच्या कबरीवर फुलं, आणि परत. वहिनी हुबळीकडची, घरात कन्नड बोलते. त्यामुळं आमच्या घरच्या कॅरलचं एक कडवं मराठीत आणि एक कन्नडात होतं, आणि शेजारचे लोक अंगणात उभं राहून दोन्ही ऐकतात. गावाच्या नावाची पाटी २०१४ साली बदलून बेळगावी झाली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून बेळगावच आहे, आणि आमच्या तोंडातही तेच आहे.

यंदा जुलैत एका वर्गमित्राचा फोन आला. दहावीला चाळीस वर्षं झाली, स्नेहमेळावा करायचा आहे, सत्तावीस डिसेंबर, शनिवार. "तू नाताळला असतेसच की गे," तो म्हणाला. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप झाला. पहिले दोन महिने नुसती धमाल. कुणाचा नातू, कुणाचं दुबईतलं ऑफिस, कुणाची बायपास. मी नर्स, म्हणून रात्री अकराला रक्ताचे रिपोर्ट मलाच यायचे. वर्गणी पंधराशे ठरली. टोप्या छापल्या. एकानं सगळ्यांना कुंद्याचा डबा द्यायचं कबूल केलं. मला काम दिलं सुरुवातीच्या प्रार्थनेचं. "तू आमच्यातली ख्रिस्ती, तूच कर." वर्गात आम्ही ख्रिस्ती सात जण होतो, पण ग्रुपवर तिघंच. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

ग्रुपवर तीस जण होते. एवढाच वर्ग कसा, असं एकदाही मनात आलं नाही.

शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. गावातली जुनी शाळा आहे, आमच्या वेळी मराठीच्या दोन तुकड्या भरायच्या, आम्ही 'ब'. आता मराठीला पोरं कमी झाली, आमचा वर्ग होता तिथं संगणकाची खोली आहे. मी दारातून आत पाहिलं. खिडकीचे गज तेच आहेत. वरून दुसऱ्या गजाला खाच होती, तीही आहे. बाकीचं काही ओळखीचं राहिलं नाही, आणि त्यावर फार लिहावं असंही वाटत नाही. शाळेची इमारत बदलली म्हणून रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पगार झाला की तीच माणसं आपलं घर पाडून नवं बांधतात.

अंगणात मांडव, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. खुर्च्यांच्या पाठीवर निळ्या रंगात आमच्या चर्चचं नाव होतं. कुणीतरी मागून आणल्या असाव्यात. मला बरं वाटलं, माहेरचं भांडं दुसऱ्याच्या लग्नात दिसावं तसं.

सव्वीस जण आले. पहिला अर्धा तास ओळखण्यातच गेला. टक्कल पडलेल्या माणसाला त्याच्या हसण्यावरून ओळखायचं, आणि नाव सांगितल्यावर "अगंबाई!" म्हणायचं. मी प्रार्थना केली. आधी लिहून आणली होती, ती वाचलीच नाही, दोन वाक्यांत आटोपली. मग वारलेल्यांची नावं घेतली, चार जण. चार मेणबत्त्या लावल्या. एक करोनात गेला होता, एक सैन्यात असताना. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी बाळंतपणात गेली, हे मला त्या मांडवातच कळलं. दोन मिनिटं सगळे उभे राहिलो.

आमचे गणिताचे सर आले होते. वय शहाऐंशी. मुलानं गाडीतून आणलं, हाताला धरून खुर्चीत बसवलं. ऐकू कमी येतं, पण डोकं लख्ख. सरांची एक पद्धत होती, आमच्या वर्गातल्या कुणालाही ती आठवेल. ते हजेरी नावांनी घेत नसत, नुसत्या नंबरांनी घेत. एक, दोन, तीन, आणि शेवटचा नंबर आला की डस्टर टेबलावर आपटायचे. खडूची धूळ उडायची, मग गणित सुरू. तर कुणाला तरी कल्पना सुचली, सरांना म्हणाले, "सर, आज हजेरी घ्या."

सरांनी घेतली.

"एक." "हजर सर!" "दोन." "हजर!" हशा, टाळ्या, मोबाइल वर. आधी मुलगे, मग मुली, आडनावांच्या क्रमानं, त्यामुळं बहुतेकांना आपला नंबर आठवत होता. "तीन." कुणीच बोललं नाही. "चार." "हजर!" "पाच." नाही. "सहा." नाही. लोक हसतच होते. "सात." एकानं सांगितलं, "सर, तो वारला." सरांनी मान हलवली आणि पुढं गेले. दहा-बारा नंबर झाले तसा हशा कमी झाला. आम्हाला वाटलं, सर आता थांबतील. ते थांबले नाहीत. नंबर उच्चारायचा, वाट पाहायची, मग पुढचा. वर्गात पहायचे तशीच वाट, पाचेक सेकंदांची. मांडवात बसून ते पाच सेकंद फार लांब वाटतात.

"एक्केचाळीस."

"हजर सर," मी म्हटलं.

"बेचाळीस."

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी नव्हती, तिथं दुसरी मैत्रीण बसली होती. तरी मी मान वळवून बघितलं. दहावीचं अख्खं वर्ष बेचाळीस नंबर माझ्याच बाकावर, खिडकीच्या बाजूला होता.

सर थांबले. "बेचाळीस कुठं आहे?"

यादी करणारा मित्र पुढं झाला, त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, "सर, ती नापास झाली होती."

सर म्हणाले, "मी हजेरी घेतोय." आणि मग, "त्रेचाळीस."

बावन्नपर्यंत गेले. डस्टर नव्हतं, म्हणून तळहात टेबलावर आपटला.

मग जेवण झालं, पुरी-बासुंदीचं. भाषणं झाली, गाणी झाली, कुंद्याचे डबे वाटले. मी सगळ्यात होते, फोटोत हसलेली दिसते. पण हिशोब मनात चालू होता. बावन्नातले इथं सव्वीस, न आलेले चार, वारलेले चार. चौतीस. उरले अठरा. जिवंतांत त्यांचं नाव नव्हतं आणि मेणबत्त्यांतही नव्हतं. मी यादीवाल्याला गाठलं. तो बिचारा म्हणाला, "मुद्दाम नाही गं केलं. हजेरीपट कुठं मिळणार? निकालाचा कागद एकाकडं होता, त्यावरनं केली. मार्चचे पास आणि ऑक्टोबरचे पास." खोटं बोलत नव्हता. सहा महिने त्यानं पदरचे पैसे घालून खपून हे सगळं केलं होतं. त्याला दोष देऊन हे पत्र लिहायचं असतं तर मी लिहिलंच नसतं.

आता बेचाळीस नंबरचं सांगते. तिनं बजावलंय, "पेपरात नाव टाकू नको, बाकी काय लिहायचं ते लिही." म्हणून नाव नाही.

ती वडगावची, विणकराच्या घरातली. पहाटे उठून घरच्या मागांसाठी कांड्या भरायची आणि मग दोघी-तिघींबरोबर चालत शाळेला यायची. सुतानं तिच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या असायच्या, शाई त्यात मुरायची, त्यामुळं तिची बोटं कायम निळी. नववीत मला टायफॉइड झाला. महिनाभर घरी. बरी होऊन शाळेत गेले तर बाकावर दोन वह्या. माझ्या चुकलेल्या महिन्याचं सगळं तिनं लिहून ठेवलं होतं, इतिहास, शास्त्र, आणि भूमितीची प्रमेयं आकृत्यांसकट. तिला स्वतःला भूमिती कळत नसे. 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' हे शब्द ती नक्षी काढावी तसे उतरवायची, एकही रेघ वाकडी नाही. त्या वह्यांवरून मी पास झाले. पुढं दहावीतही तिच्याच आकृत्या डोळ्यापुढं यायच्या.

तिला दहावीला गणितात अठ्ठावीस मार्क पडले. बाकी सगळ्यात पास.

निकालादिवशी मी तिला म्हटलं, ऑक्टोबरला बस, मी रोज संध्याकाळी येऊन गणित घेते. आणि गेले. चार दिवस गेले. सायकलवरून, कॅम्पातून वडगाव. तिची आई चहाबरोबर खारी द्यायची, शेजारच्या खोलीत मागांचा खटखटाट, आम्ही ओरडून गणित करायचो. पाचव्या दिवशी कॉलेजच्या नव्या मैत्रिणी ग्लोबला सिनेमाला निघाल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर गेले. सहाव्या दिवशी पाऊस होता. सातव्या दिवशी लाज वाटली. नंतर त्या लाजेनंच जाणं टाळलं, आणि महिना-दोन महिन्यांनी लाज वाटणंही थांबलं. एवढंच आहे. सांगण्यासारखं मोठं पाप नाही. चाळीस वर्षांत मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं, भावालाही नाही.

रविवारी सकाळी उपासनेला गेले. नाताळनंतरच्या त्या रविवारी पाळकसाहेबांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला असता, तर माझा लेख आयता जुळून आला असता. त्यांनी हेरोद आणि मिसरातलं पलायन घेतलं. अर्धं लक्ष होतं माझं. उपासना संपली, दारात सगळ्यांशी हस्तांदोलन, खुर्च्या उचलणाऱ्या भाऊंना "सलाम" म्हटलं, त्यांनीही "सलाम ताई, पुण्याला कवा?" विचारलं. दर नाताळला विचारतात. घरी येऊन करंज्यांचा डबा घेतला आणि रिक्षा केली.

गोगटे चौकाचा रेल्वेवरचा पूल, मग गोवावेस, मग शहापुरातला बॅरिस्टर नाथ पै चौक. शहापूर एके काळी सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव ब्रिटिशांकडं. आजोबा सांगायचे, एक रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. वडगावात शिरल्यावर मी कान लावून बसले. पूर्वी मागांच्या आवाजावरून गल्ली ओळखू यायची. आता मधेच एखाद्या घरातून खटखट येते आणि पुढं तीन-चार घरं गप्प. मंगाईच्या देवळाजवळ उतरून विचारत गेले. नावानं कुणाला कळेना, "कांड्या भरणाऱ्या काकी" म्हटल्यावर एका पोरानं दारापर्यंत आणून सोडलं.

ती दारातच रहाटावर बसली होती. मान वर करून बघितलं. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "एक्केचाळीस व्हय गे?"

आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो, करतो' असंच बोलतात. पुण्यात गेल्यावर माझं ते मोडलं. तिच्या तोंडून "बस की, चा ठेवतो" ऐकलं आणि माझ्याही जिभेवर ते परत आलं. तिचे मालक आतल्या खोलीत पडून होते, दम्यानं जेरीस आलेले. सुतातली धूळ. मी नर्सच, त्यांची औषधं बघितली, पंप कसा ओढायचा ते दाखवलं. उलटा धरत होते. घरातले दोन्ही यंत्रमाग गेले. लॉकडाऊनमध्ये तयार साड्या पडून राहिल्या, व्यापाऱ्यानं उचलल्या नाहीत, हप्ते थकले, शेवटी माग भंगारात विकले. मुलगा उद्यमबागला फौंड्रीत आहे. ती शेजारच्या मागांसाठी कांड्या भरते. सहावी-सातवीत भरायची त्याच. मागांच्या खोलीत आता नात अभ्यास करते. फरशीवर मागांचे पाय रोवलेले होते तिथं अजून चार-चार खड्डे आहेत.

चहा झाल्यावर मी बोलले. ऑक्टोबरच्या परीक्षेचं. तयारी करून गेले होते, तरी वाक्यं धड आली नाहीत.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "वाट बघितलो की. गणपती होईपातूर बघितलो."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, कोण लक्षात ठेवतंय. सिनेमात तसंच म्हणतात. तिला सगळं लक्षात होतं. फॉर्म भरला होता, फी भरली होती. पेपरादिवशी ती उठलीच नाही. आईनं हाका मारल्या, तिनं पोट दुखतंय सांगितलं. पुढच्या वैशाखात लग्न.

"तू आली असतीस तर पास झालो असतो काय, ते मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "पण पेपराला गेलो असतो."

यावर मी काय बोलणार होते? शेजारच्या घरात माग चालू होता तेवढा आवाज. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "ती वही हाय काय गे तुझ्याकडं? आकृत्यांची?" मी खरं सांगितलं. नाही. पुण्यात तीन घरं बदलली, कधीतरी रद्दीत गेली असणार. ती नुसतं "हं" म्हणाली. मग उठून करंज्यांचा डबा उघडला, एक नातीला दिली, एक आत नेऊन दिली, एक आपण खाल्ली. "तुझी आई सारणात खसखस जास्ती घालायची," म्हणाली. खरं होतं.

मग मी मोबाइल काढून मेळाव्याचे फोटो दाखवले. इथून पुढं जे झालं, त्याच्यासाठी हे पत्र आहे.

मला ज्यांना ओळखायला अर्धा तास लागला होता, त्या सगळ्यांना तिनं एका दमात ओळखलं. "ह्यो टिळकवाडीत बंगला बांधलाय. ही दर साली मंगाईच्या जत्रेला येती, मी समोरून जातो, ओळख देत न्हाई. ह्याच्या पोरीच्या लग्नाच्या साड्या आमच्या मालकांनी विणल्या, त्याला ठाऊक न्हाई." मग विचारलं, "बाकीचे न्हाईत?" मी यादीची गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, "कागद काढ."

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. एक रविवार पेठेत हमाली करायचा, आता मुलाची किराणाची गाडी सांभाळतो. एक गवंडी, कोवाड रस्त्याला. एक खडे बाजारात शिलाई करतो, आणि बेळगावातल्या किती वकिलांचे काळे कोट त्याच्या हातचे आहेत ते ती बोटांवर मोजायला लागली. एक शाळेत दुपारच्या जेवणाचं काम करते. एक सरकारी दवाखान्यात आया होती, नुकतीच सुटली. दोघं वारले, एक पाच वर्षांपूर्वी, एक पुष्कळच आधी, तरुणपणी. एक येळ्ळूरला सासरी, अजून भाताच्या रोपणीला जाते. आठ झाले. मेळाव्याला आलेले निम्मे पुणे, मुंबई, बंगळूर आणि दुबईहून आले होते, पहाटेच्या गाड्या पकडून. हे आठ, वारलेले दोघं धरून, कधी दहा मैलांबाहेर गेलेच नाहीत. एकमेकांच्या घरच्या लग्नाला, मयताला हेच असतात. आमच्या वर्गाचा स्नेहमेळावा चाळीस वर्षं चालूच होता, आम्हाला ठाऊक नव्हतं.

"आणि नववा तर तुमच्याच देवळात हाय की," ती म्हणाली.

मला कळेना.

"खुर्च्या उचलतो त्यो."

मी तिच्याकडं बघतच राहिले. ज्या भाऊंना मी त्याच सकाळी सलाम केला होता, दर नाताळला करते, ते आमच्या वर्गातले. मागच्या बाकावर बसायचे, दाढी-मिशी नव्हती, कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाच्या पलीकडच्या चाळीत राहायचे. वर्गातल्या सात ख्रिस्ती मुलांतले एक. आडनावही ठाऊक होतं मला. तरी जोडलंच नाही कधी. यादीवाल्यानं नापासांना वगळलं म्हणून मी मांडवात तोंड वाकडं केलं होतं. त्याच्याकडं निदान कागदाचं कारण होतं.

संध्याकाळी त्यांच्याकडं गेले. त्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही, "बसा ताई" म्हणून बायकोला चहा टाकायला लावलं. मी म्हटलं, ताई कसली, एका वर्गातली आहे मी. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे की. एक्केचाळीस." मी विचारलं, मग एकदा तरी बोलायचं. म्हणाले, "काय बोलायचं? तुम्ही सिस्टर झालात, पुण्याला गेलात." मेळाव्याचंही त्यांना माहीत होतं. शुक्रवारी संध्याकाळी खुर्च्या टेम्पोत त्यांनीच भरल्या होत्या, साठ खुर्च्या, मोजून. रविवारी पहाटे परत आल्या तेव्हा दोन मोडलेल्या होत्या, त्या त्यांनी स्वतःच बांधून घेतल्या, कुणाकडं तक्रार केली नाही.

त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. त्यांनी एवढंच सांगितलं की, पाळकसाहेबांना वाईट वाटेल असं काही लिहू नका, त्यांचा ह्यात काही संबंध नाही. खरंच नाही. संबंध माझ्यासारख्यांचा आहे, जे वर्षातून एकदा दारात हस्तांदोलन करतात.

रात्री मी ग्रुपवर सगळं लिहिलं, वडगावचं, खुर्च्यांचं, कागदावरची नऊ नावं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग दोघा-तिघांनी अंगठा दाखवला. एकीनं फोनच केला आणि रडली, तिच्या चुलत भावाचं नाव त्या नवांत होतं. एका मित्रानं लिहिलं, "बोलवायला हरकत नाही, पण त्यांनाच अवघडल्यासारखं होईल." हे मी झटकून टाकत नाही. वडगावची मैत्रीणही म्हणालीच होती, "मी कशाला येऊ गे, तिथं कोण काय झालं ते सांगत बसणार." आणि वर्गणीचा आकडा ऐकून तिनं भुवया वर केल्या होत्या, "पंधराशे? जेवाय?" पंधराशे म्हणजे तिच्या किती दिवसांच्या कांड्या, ते मी विचारलं नाही.

यादीवाल्या मित्रानं दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. मे महिन्यात परत जमू म्हणाला. वर्गणी नाही, जेवण ज्यानं त्यानं घरून आणायचं, आणि कोण काय झालं ते कुणी सांगायचं नाही. हजेरीपट मिळतो का ते तो बघतोय. सरांना त्यानं कळवलं. सरांचा मुलगा म्हणाला, बाबा विचारतात, मे म्हणजे किती तारीख? मैत्रीण येईल की नाही, अजून ठाऊक नाही. जुन्या वहीचं मी काही करू शकत नाही. रविवारी तिची नात भूमितीची प्रमेयं घेऊन बसली होती, तिला मोबाइलवरून आठवड्यातून दोनदा गणित शिकवते आहे. चार दिवसांच्या पुढं गेले आहे, एवढं सांगते.

आता माझं काम. अठरा नावांतलं एक वडगावला मिळालं, नऊ तिनं दिली. आठ अजून मिळत नाहीत. १९८४-८५ साली दहावी मराठी 'ब' तुकडी, जिथं गणिताचे सर नंबरांनी हजेरी घ्यायचे आणि बावन्नाला डस्टर आपटायचे. शाळेचं नाव नाही लिहिलं तरी त्या वर्गातल्या माणसाला हे वाचून कळेल. तुम्ही त्यातले असाल, पास असाल की नापास, की नववीतून वर येऊन मधेच शाळा सोडलेली असो, किंवा तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी असेल, तर कळवा. माझ्या आठवणीप्रमाणं उरलेल्या आठांत तीन मुली होत्या. त्यातल्या एकीचे वडील टांगा चालवायचे, आणि एक मुलगा खानापूरहून रोज रेल्वेनं यायचा.

मी पुण्याला परतले आहे, त्यामुळं यादीची वही मंडळीत ठेवली आहे. कॅम्पात रविवारी मराठी उपासना संपली की मागच्या दाराशी जे भाऊ खुर्च्या रचत असतील, त्यांना विचारा. पेन वहीलाच बांधलं आहे.